नातालबायचे दोरे

नातालबायच्या पर्समध्ये टेप कधीच नसायचा. दोरे असायचे. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या एका दुकानात मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती जाड निळ्या कापडाचा तागा उलगडून त्यावर एक खरबरीत तपकिरी दोरा ताणून धरत होती. दोऱ्याच्या टोकाला कोंबडीचं पीस बांधलेलं. दुकानदारानं टेप पुढे केला, तर म्हणाली, "टेप को क्या मालूम शेठ? धागे को पूछो." मी शेजारीच उभी होते. शिवणकामाचा दोन वर्षांचा डिप्लोमा, तोही पहिल्या वर्गात, आणि तोही पुण्याचा! मला कुठलं राहवतंय? मी ह्यांना मराठीत म्हटलं, "ही बाई काय शिवणार, कपाळ!"

ती वळली. ठेंगणी, सावळी, पन्नाशीच्या पुढची, गळ्यात क्रूस, नाकावर घसरलेला चष्मा. म्हणाली, "कपाळ नाय शिवत गो बाय, फ्रॉक शिवते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यातून ती आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहणारी निघाली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला पोह्यांची डिश घेऊन गेले, तर तिनं डिश बाजूला ठेवली आणि माझ्या हातात सुई दिली. "आधी हे बटण लाव. माफी मग माग." बटण लावलं. माफी राहूनच गेली.

ती वसईची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच बहरीनला आलेली. मनामातल्या एका हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये कामाला होती; फाटक्या चादरी सांधायच्या, ऑपरेशनचे हिरवे गाऊन शिवायचे. लग्न केलेलं नव्हतं. घरच्यांशी बोलताना ती तिच्या गावची बोली बोले, त्यातलं मला निम्मंही कळायचं नाही. माझ्याशी बोलताना मात्र 'तुम्ही पुण्याची माणसं' म्हणून चर्चमधलं मराठी काढायची. "सुधाबाय, मजवर कृपा कर आणि ही सुई ओवून दे," असं एकदा म्हणाली, तेव्हा मी हसून हसून खाली बसले. मी तिला अहो-जाहो करायचे, तर सहा महिन्यांनी तिनं दटावलं, "मी आईला पण अगो म्हणत आले. तू मला तुम्ही म्हणून उंबऱ्याबाहेर उभी करू नकोस." तेव्हापासून ती माझी 'तू' झाली.

हे फ्रॉक जायचे टांझानियाला. तिची धाकटी बहीण धर्मभगिनी होती. तिच्या मिशननं तिला तिकडच्या एका खेड्यात शाळा चालवायला पाठवलं होतं. मातीच्या भिंतींची एकच खोली, आणि बाकीचे वर्ग झाडाखाली. गावाचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. नातालबाय वर्षभर कापड जमवायची आणि उपवासकाळाचे चाळीस दिवस शिवत बसायची. मुलींना निळे फ्रॉक, मुलांना त्याच कापडाचे लांब शर्ट. ईस्टरनंतर चर्चमार्फत एक पत्र्याची ट्रंक जहाजानं रवाना व्हायची. त्या चाळीस दिवसांत ती चहा सोडायची आणि गप्पाही. "उपवासात तोंड बंद, मशीन चालू," म्हणायची. तोंड अर्थात कधीच बंद नसायचं. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून तिची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, शुक्रवारी, त्यावरही तिचं उत्तर तयार होतं, "देवानं इथे वार बदललाय. मी कोण त्याला विचारणार?"

आणि मापं यायची ती दोऱ्यांनी. त्या भागात घायपात फार. मुलं त्याच्या वाखाचा दोरा स्वतः वळायची; बहीण प्रत्येक मुलाला उभं करून खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तो दोरा धरायची आणि तिथे गाठ मारायची. दोऱ्याच्या टोकाला त्या मुलाची खूण असायची, म्हणजे पीस, भोक पाडलेली शेंगेची बी, पत्र्याचा तुकडा, चिंधी, जे त्याच्यापाशी असेल ते. सोबत नावाची चिठ्ठी. असे चाळीस-पन्नास दोरे पार्सलमधून यायचे आणि नातालबायची खोली दोन महिने वाळक्या गवतासारखी वास मारायची.

मी नाक मुरडायचे. "अगं, तुझी बहीण शिकलेली आहे ना? सरळ इंचात मापं लिहून पाठव म्हणावं. एवढं पोस्टाचं ओझं कशाला?"

"इंचाला मूल ठाऊक नाय गो. दोऱ्याला विचार. तो कधी खोटं बोलत नाय."

"इंच खोटं बोलतो?"

"इंच बोलतच नाय," ती म्हणायची आणि मशीन सुरू करायची.

सात वर्षं मी तिला मदत केली. बेतणं तिचं, काजं-बटणं माझी. कॉलर, बाह्या, सगळं ती माझ्यावर सोपवायची. खालची दुमड मात्र कधीच नाही. दुमड ती स्वतः हातानं शिवायची; तीही शुक्रवारी मिस्सा आटोपून आल्यावर, दार लोटून, ओठांत जपमाळ पुटपुटत. मी एकदा म्हटलं, "दे ना, माझी हातशिलाई तुझ्यापेक्षा बारीक आहे." तर म्हणाली, "ती माझी नि पोरांची." मला राग आला. पहिला वर्ग मिळवलेल्या बाईवर हिचा हातशिलाईपुरताही भरवसा नाही! मी फणकाऱ्यानं बटणं मोजत बसले. त्या दुमडीत काय चाललंय हे विचारायचं मला सुचलं नाही. विचारण्यासारखं काही असेल असंच वाटलं नाही.

मग तिचं शेवटचं वर्ष आलं. हॉस्पिटलनं तिला वयाचं कारण सांगून निवृत्त केलं. ईस्टर झाला की आठवडाभरात व्हिसा खलास. शिवाय तिच्या जागेवर आलेल्या नव्या बाईला काम शिकवायचं म्हणून तिला रोज डबल शिफ्ट लावली. चाळीस दिवस होते आणि त्रेचाळीस कपडे. बहरीनमधून जाणारी ही तिची शेवटची ट्रंक होती, आणि ती वेळेवर गेली नसती तर मुलं वर्षभर फाटक्यात शाळेत आली असती. नातालबाय कधी कुणाकडे काही मागायची नाही. त्या दिवशी ती पायऱ्या चढून माझ्या दारात आली. हातात उशीचा अभ्रा, त्यात सगळे दोरे.

"सुधाबाय, एवढं बेतून देशील? शुक्रवारपर्यंत? दोऱ्यांना विचारून."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांनी बाईनं मला कात्री दिली होती. आता हिला दाखवतेच शास्त्रशुद्ध काम कसं असतं ते, असं मनात म्हणत मी अभ्रा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. हे सकाळीच मआमीरकडच्या साइटवर गेले होते, घर मोकळं होतं. मी दोरे सरळ केले, एकेक टेपवर धरला. कित्येक दोऱ्यांवर दोन-दोन, तीन-तीन, चार-चार गाठी होत्या. मला वाटलं, हा निव्वळ अजागळपणा. मी सगळ्यात लांबची गाठ धरली आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष केलं. फुलस्केप कागदावर तक्ता आखला. नाव, उंची, उंचीवरून छाती, छातीवरून मुंढा, सगळं डिप्लोमाच्या कोष्टकाप्रमाणे, पाव इंचापर्यंत. मिशनच्या शाळेतली नावं, त्यामुळे पुन्हा पुन्हा तीच यायची. चार योसेफ होते, सहा मारिया होत्या. मी त्यांना नंबर दिले, मारिया एक, मारिया दोन. एका मारियाच्या दोऱ्याला पेन्सिलीचा बोटभर तुकडा बांधलेला होता. घरात पेन्सिल सापडत नव्हती. मी तो सोडवला आणि त्यानंच तक्त्याच्या रेघा आखल्या.

कापड बेतून झालं. अंकांच्या चिठ्ठ्या टाचून त्रेचाळीस गठ्ठे रांगेनं लावले. दोऱ्यांवरच्या बियांतून बारीक किडे निघायला लागले होते, एक माझ्या डाळीच्या डब्यावर चढलेला दिसला. मी दोरे, पिसं, चिठ्ठ्या, पेन्सिलीचं थोटूक, सगळं अभ्र्यासकट गोळा केलं आणि खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. हात साबणानं दोनदा धुतले.

शुक्रवारी ती चर्चमधून थेट वर आली. मी तक्ता तिच्या हातात दिला. तिनं चष्मा वर केला, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं. "काय सुंदर अक्षर गो तुझं," म्हणाली. मी फुलले. मग तिनं टेबलाखाली पाहिलं, खुर्चीवर पाहिलं.

"आणि दोरे?"

"टाकले. किडे झाले होते त्यांत. आणि आता लागताहेत कशाला?"

"टाकले म्हणजे?"

"म्हणजे टाकले. खलास."

ती खुर्चीत बसली. पाणी मागितलं, पण प्यायली नाही. मग उठून जिना उतरून गेली. मी मागोमाग गेले. कचऱ्याची पेटी रिकामी होती. गाडी आदल्या दिवशीच येऊन गेली होती. बिल्डिंगच्या वॉचमननं आपले दोन्ही रिकामे हात दाखवले, "मफी, मफी." म्हणजे काही नाही, काही उरलं नाही. नातालबाय पेटीत वाकून बघत राहिली. पांढरा चर्चचा झगा होता तिच्या अंगावर, त्याला डाग लागला.

तिथेच, त्या पेटीपाशी उभं राहून, तिनं मला सांगितलं. दोरे मापासाठी यायचेच, पण ते परतही जायचे. ज्याचा दोरा त्याच्याच कपड्याच्या खालच्या दुमडीत शिवून. पहिलीतल्या पोरांना वाचता येत नाही, नावं तर सगळ्यांची तीच. ट्रंक उघडली की पोरं दुमडी चाचपायची. कुणाच्या बोटांना बी लागायची, कुणाच्या पीस. आपली खूण लागली की तो कपडा आपला. मग दोरा काढून घ्यायचा, वर्षभर जपायचा आणि पुढच्या वर्षी तो थोडा आणखी वळून त्यावरच नवी गाठ मारायची. ज्या गाठींना मी अजागळपणा म्हटलं, त्या त्या पोरांच्या वाढत्या वर्षांच्या होत्या.

आणि मी काय केलं? रडले नाही, पाया पडले नाही. मी तिच्यावर ओरडले. "मग मला आधी सांगायचं ना! मला काय स्वप्न पडणार होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हो गो," म्हणाली, "मी सांगायला हवं होतं. चूक माझीच."

वर येऊन ती म्हणाली, "आठव. काय काय होतं ते आठव. तू एकेक हातात घेतला होतास ना?" मी डोळे मिटून बसले. पीस होतं. एक हिरवी चिंधी होती. शिंपल्याचं बटण होतं. पत्रा होता, बहुधा दोन. पेन्सिल होती.

"पेन्सिल कुणाची?"

"मारियाची."

"कुठल्या मारियाची?"

सहा मारियांची उंची मला पाव इंचापर्यंत पाठ होती. सव्वासत्तावीस, पावणेतीस, सगळं जिभेच्या टोकावर. खुणाही थोड्या आठवल्या. पण कुठली खूण कुणाची, ते मला एकीचंही सांगता येईना. खूण आणि माप जोडणारा दोरा मी फेकला होता. त्या पेन्सिलीनं मी रेघा आखल्या, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं माझ्यात.

"आपण बाजारातून मणी आणू," मी म्हटलं. "प्रत्येकाला वेगळा घालू. काहीतरी तर लागेल हाताला."

"आणि दुसऱ्याचं हाताला लागलं तर? मूल म्हणेल, माझा दोरा कुठंय?" ती मान हलवत राहिली. "दोरा खोटं बोलत नाय सुधाबाय. मी त्याला खोटं बोलायला लावणार नाय. त्यापेक्षा रिकामं बरं."

पुढचे आठवडे आम्ही शिवत होतो. ती शिफ्टवरून थकून यायची आणि मशीनवर बसायची. उपवासात ती खरंच गप्प राहिलेली मी त्याच वर्षी पाहिली. शेवटी दुमडी उरल्या. मला वाटलं, ती नेहमीसारखी दार लोटून घेईल. तिनं सगळा गठ्ठा माझ्या पुढे ठेवला. "तुझी हातशिलाई बारीक आहे. तूच कर." सात वर्षं ज्यासाठी मी रुसले होते ते मला मिळालं. त्रेचाळीस रिकाम्या दुमडी मी शिवल्या.

ट्रंक वेळेवर गेली. नातालबाय गेली त्या दिवशी आम्ही तिला विमानतळावर पोचवायला गेलो. तिनं माझ्या गालावर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "येशील ना वसईला? इंशाल्ला म्हणू नकोस. हो म्हण." मी हो म्हटलं. माफीचे शब्द जिभेवर होते. तेवढ्यात तिच्या बॅगेचं वजन जास्त भरलं, धावपळ झाली, आणि ते तसेच राहिले. बटण लावलं त्या दिवशी राहिले होते तसेच.

चार-पाच महिन्यांनी तिचं पत्र आलं. "ट्रंक पोचली. बहिणीनं कळवलं, कपडे सगळ्यांना नेमके बसले. तुझी मापं अगदी अचूक होती." मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं. दोनदा. हुश्श झालं मला. मी स्वतःची समजूत काढली, बघा, एवढं काही बिघडलं नाही, मुलंच ती, नवा कपडा मिळाला की खूश. त्यानंतर आमची पत्रं चालू राहिली. तिच्या वाडीतली केळी, माझ्या मुलीची शाळा. दोऱ्यांचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. दर सुट्टीत पुण्यापर्यंत यायचे आणि वसई राहून जायची. खरं सांगते, टाळतच होते.

वसईला गेले ती तिच्या महिन्याच्या मिस्सेला. तिच्या भाचीनं कळवलं होतं. झोपेतच गेली म्हणे. चर्चच्या आवारात, मिस्सा आटोपल्यावर, एक वयस्कर धर्मभगिनी माझ्याजवळ आल्या. चेहरा हुबेहूब नातालबायचा, फक्त उंच. त्या टांझानियाहून सुट्टीवर आल्या होत्या.

"तुम्ही सुधाताई ना? बाय तुमचं फार सांगायची. शेवटच्या वर्षी तुम्ही नसतात तर ट्रंक गेलीच नसती म्हणायची."

मी काहीतरी पुटपुटले. भाचीनं चहा आणून दिला.

"त्या वर्षी मात्र बायची नजर नि आठवण दोन्ही गेली होती बघा," सिस्टर म्हणाल्या. "दोरे घालायलाच विसरली. पोरं दुमडी चाचपत राहिली. आमची एक मारिया होती, चौथीतली. पेन्सिलवाली मारिया म्हणायचो आम्ही तिला. शाळेत आली त्या दिवशी मी दिलेली पेन्सिल संपत आली, तेव्हा ती तिनं दोऱ्याला बांधून ठेवली होती. तिनं फ्रॉकची सगळी दुमड उसवली. काही नाही आत. मग परत नीट शिवली, घडी घातली नि माझ्या हातात आणून दिली. म्हणाली, हा माझा नाही, बायनं दुसऱ्या कुणाचा तरी पाठवलाय, तिला परत द्या. बरोब्बर मापाचा फ्रॉक! पण नाही घातला. वर्षभर जुनाच घालून आली, गुडघ्याच्या वर गेलेला."

चहाचा कप माझ्या हातात होता.

"मी बायला पत्रात विचारलं, असं कसं झालं गं? तर लिहिते, म्हातारी झाले, विसरले, पोरांना सांग बायला माफ करा. फार लागलं होतं तिला ते. पुढे वसईहून शिवायची ना, तेव्हा प्रत्येक पत्रात विचारायची, पेन्सिलवाली मारिया आली का शाळेत?"

सांगायची वेळ तीच होती. समोर तिची बहीण उभी होती, मागे तिचं थडगं, त्यावरची फुलंही अजून ताजी. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "हो का?"

सिस्टर परत गेल्या आणि दोन वर्षांनी तिकडेच वारल्या. त्यांना जे माहीत होतं, तेच घेऊन गेल्या. ती मारिया आता कुठे असेल, तिला मुलंबाळं असतील, आणि कधी विषय निघाला तर ती त्यांना सांगत असेल की दूरच्या देशात एक म्हातारी होती, ती आमच्यासाठी फ्रॉक शिवायची, पण एका वर्षी ती आम्हाला विसरली. हे माझ्या मनातून जात नाही. हे लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचणार नाही, तिला ही भाषाही येत नाही. तरी कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

नातालबाय कुणालाच विसरली नव्हती. दोरे मी फेकले.